जुन्या सागवानी टीपॉयच्या पोटात गेमिंगचं सगळं सामान

दोन ड्युअलसेन्स म्हणजे प्लेस्टेशन ५ चे (पीएस५ चे) कंट्रोलर, एक जुना पीएस४ चा कंट्रोलर, हेडसेट, चार्जिंग डॉक, तीन-चार टाइप सी केबल, जुन्या कंट्रोलरची वेगळी मायक्रो यूएसबी केबल, एक जास्तीची एचडीएमआय, डिस्कच्या डब्या आणि वर स्टेअरिंग व्हील. एवढं सामान आमच्या एका हॉलमध्ये आहे आणि आता यातलं जवळपास सगळं सोफ्यासमोरच्या टीपॉयच्या आत राहतं, बाहेरून पाहणाऱ्याला तो फक्त एक जुना सागवानी टीपॉय वाटतो. हे काम कसं केलं ते नीट लिहून ठेवतोय, कारण यूट्यूबवर असे टेबल बनवायचे ढीगभर व्हिडिओ आहेत पण ते पाहताना सारखं जाणवत होतं की हे लोक नागपुरात राहत नाहीत. त्यांना ना मे महिना माहीत, ना कूलर, ना महालक्ष्म्या.

लपवायचं काहून, उघडं ठेवलं तर काय होतं, असं एका मित्राने विचारलं. होत काही नाही, पण हॉल एकच आहे ना बाप्पा. सकाळी बाबांचा पेपर आणि चहा, दुपारी आईच्या भिशीच्या मैत्रिणी, संध्याकाळी शेजारचे काका येऊन बसतात आणि रात्री जेवणं झाली की मी आणि बहीण खेळतो. सगळ्यांचा हॉल आहे तर ज्याची वेळ असेल त्याला तो पूर्ण मिळाला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, आईच्या मैत्रिणीने बसायच्या आधी सोफ्यावरचा कंट्रोलर उचलून कुठं ठेवू म्हणून विचारावं लागू नये, आणि रात्री आम्हाला केबल शोधण्यात अर्धा तास घालवावा लागू नये.

टीपॉय आजोबांनी करवून घेतलेला. साडेतीन फूट लांब, पावणेदोन फूट रुंद, सतरा इंच उंच, वरची फळी इंचभर जाड, खाली जमिनीपासून पाच इंचावर एक उघडी फळी, तिच्यावर जुने पेपर आणि मासिकं पडलेली असायची. नवीन काचेचा टेबल घेऊ असं घरात चाललं होतं, मी अडवलं. असं सागवान आता त्या पैशात मिळत नाही. लकडगंजच्या टिंबर मार्केटमध्ये एक चक्कर मारून भाव विचारून या म्हणजे कळेल. तिथले जुने व्यापारी अजून सीपी सागवान म्हणतात, म्हणजे नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं तेव्हापासूनचं नाव. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं हे लाकूड, २०२३ मध्ये अयोध्येच्या राम मंदिरासाठी बल्लारशाहून सागवान गेलं तेव्हा सगळ्यांनी बातम्या पाहिल्याच, त्याच वर्षी उघडलेल्या नव्या संसद भवनातलं सागवानही नागपूरहूनच गेलेलं. आणि तेच लाकूड आपल्या घरात साठ टक्के वेळ जुन्या पेपरचं ओझं वाहतंय म्हटल्यावर त्याला चांगलं काम द्यावंसं वाटतं.

आता पहिला मोठा प्रश्न, उघडायचं कुठून. जवळपास सगळ्या व्हिडिओत वरची फळीच झाकण करतात, मागे बिजागरी, दोन बाजूला हायड्रोलिक पंप, हात लावला की झाकण वर. दिसायला भारी वाटतं. पण भाऊ, आपल्या घरातला टीपॉय रिकामा कधी असतो सांगा. चहाचे कप, पेपर, रिमोट, बाबांचा चष्मा, पाण्याचा तांब्या, कुणीतरी आणून ठेवलेली संत्री. दरवेळी कंट्रोलर काढायचा म्हणून हे सगळं उचलायचं आणि खेळ झाला की परत उचलायचं, हे चार दिवस होईल आणि पाचव्या दिवशी कंट्रोलर पुन्हा सोफ्याच्या फटीत. त्यात ही अख्खी सागवानी फळी नऊ-साडेनऊ किलोची, तिला पेलायला १०० न्यूटनचे दोन पंप तरी लागतात, पंप हलका पडला तर झाकण बोटांवर येतं आणि जड पडला तर झाकण दाबूनच बसावं लागतं. ज्यांच्याकडे नवीन हलक्या प्लायचा टेबल आहे आणि वर काही ठेवायची सवय नाही त्यांनी जरूर करावं. आपल्यासाठी माझं मत पक्कं आहे, टीपॉय बाजूनेच उघडला पाहिजे, वरच्या चहाला धक्का न लागता.

मग ड्रॉवर का नाही? ड्रॉवर म्हटलं की हँडल आलं, फट आली, कुणालाही दिसतं की इथं ड्रॉवर आहे. आणि ड्रॉवर सरकवणारं टेलिस्कोपिक चॅनल दोन्ही बाजूला अर्धा-अर्धा इंच खातं, छोट्या टीपॉयमध्ये तो इंच जड जातो.

आमचे मिस्त्री काका मानेवाड्याकडचे, आमच्या घरातलं स्वयंपाकघर त्यांनीच केलेलं. त्यांना कागदावर काढून दाखवलं तर त्यांनी आधी टीपॉय उलटा केला, चारही पायांचे जोड बोटाने दाबून पाहिले आणि म्हणाले, "भाऊ, वरच्या पट्टीले हात नको लावू. तिच्याच भरवशावर उभा हाय हा." वरच्या फळीखाली चारी बाजूंनी जी तीन इंची पट्टी असते, पायांना जोडणारी, ती कापली की टीपॉय डुगडुगायला लागतो. म्हणजे वरची फळी आणि खालची फळी यांच्यात अकरा इंच जागा असली तरी बाजूने उघडायला फक्त आठ इंच मिळणार. मला सुरुवातीला ते तीन इंच वाया जातील असं वाटत होतं, पण पुढे त्यांचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला, ते सांगतो.

माप घेताना टेबलाचं माप आधी घ्यायचं नाही, सामानाचं घ्यायचं. ड्युअलसेन्स साधारण १६० मिमी रुंद, १०६ मिमी लांब आणि काड्या (अंगठ्याने फिरवायच्या त्या) धरून ६६ मिमी उंच, म्हणजे त्याला सात बाय पाचचा खण आणि उंचीला तीन इंच मोकळे पाहिजेत, काड्यांवर आणि ट्रिगरवर काहीही दाबून बसता कामा नये. आमचा हेडसेट आडवा ठेवला तर साडेतीन इंच. डिस्कची डबी उभी ठेवायची तर पावणेसात इंच. आठ इंचात हे मस्त बसतं, एका बाजूला बारा इंचाचा खण डिस्कसाठी पूर्ण उंचीचा, आणि उरलेल्या साडेचोवीस इंचात एकावर एक दोन ट्रे, प्रत्येक पावणेचार इंचाचा, मध्ये दोन सूत जाडीची फळी. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इंचाचे आठ सूत. मिस्त्रीशी बोलायचं असेल तर सुतातच बोला, मिलिमीटर सांगितलं की तोही गोंधळतो आणि आपणही.)

ट्रेमधले खण बहिणीने ठरवले, खेळण्यात ती माझ्यापेक्षा फार पुढे आहे आणि तिची एकच अट होती, लाइट बंद असताना हात घातला तर कंट्रोलर हाताला लागला पाहिजे. म्हणून वरच्या ट्रेमध्ये समोर दोन्ही कंट्रोलर, त्यांच्या मागे हेडसेट, आणि रोज न लागणाऱ्या केबल, जुना कंट्रोलर वगैरे खालच्या ट्रेमध्ये. केबल घट्ट गुंडाळायच्या नाहीत, मोठी मोठी वळणं द्यायची आणि वेल्क्रोची पट्टी लावायची, कनेक्टरजवळ वाकवली की तिथेच आतली तार तुटते. ट्रेच्या तळाला मखमलीचं कापड लावलंय, गांधीबागेतून आणलेलं, गडद हिरवं, आईने निवडलं.

ट्रे सरकायला चॅनल नाही लावले. दोन्ही बाजूला सागवानाच्या बारीक पट्ट्या मारल्या, त्यावर मेणबत्ती घासली, झालं. जुन्या कपाटांचे ड्रॉवर असेच चालायचे ना. वजन कमी, आवाज नाही, खराब होण्यासारखं काही नाही.

आता दार. सोफ्याकडच्या बाजूला अडतीस बाय आठचं एक दार केलं, खाली पियानो बिजागरी म्हणजे ती अख्ख्या लांबीची असते ती, आणि वर दोन टच कॅचर. बोटाने दाबलं की टक् करून पुढे येतं, हँडल नाही. खालून उघडणारं दार पूर्ण सोडलं तर जमिनीला टेकतं, कारण खाली पाचच इंच आहेत आणि दार आठ इंचाचं, म्हणून दोन्ही टोकांना पितळी साखळ्या लावल्या, दार सरळ आडवं थांबतं. त्यावर कंट्रोलर क्षणभर ठेवता येतो, पण हाताचा भार टाकायचा नाही, साखळीचे स्क्रू फक्त १२ एमएम प्लायमध्ये आहेत. टच कॅचर आणि बिजागरी इतवारीत लोहाओळीत घेतली, तिथे चार दुकानं फिरून हातात धरून, दाबून पाहता येतं, कॅचर ऑनलाइन मागवू नका, त्याचा दाब हाताला कळावा लागतो. फार हलका असला तर येताजाता गुडघा लागून दार उघडतं.

दार लपवायचं कसं हा खरा कलेचा भाग. एका बाजूला सपाट दार आणि बाकी बाजू उघड्या, असं केलं असतं तर लहान पोरालाही कळलं असतं. म्हणून चारही बाजूंना सारख्याच उभ्या पट्ट्या लावल्या, इंचभर रुंद सागवानी पट्टी, मग दोन सुताची फट, मग पट्टी, अशा ओळीने. तीन बाजूंच्या पट्ट्या पक्क्या आणि चौथीच्या दारावर बसवलेल्या, दाराची कड दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीतच येते त्यामुळे डोळ्याला ती सापडत नाही. पट्ट्यांच्या मागे काळी बारीक मच्छरजाळी. बाहेरून आत काळोख दिसतो, सामान दिसत नाही.

आणि या फटी नुसत्या दिसायला नाहीत. हाच माझ्या लिहिण्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, कृपा करून नागपुरात कुणी बंद पेटी करू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. २०२४ मध्ये मे संपता संपता एका केंद्रावर ५६ अंश दिसले आणि देशभर बातमी झाली, हवामान खात्याने नंतर सेन्सर बिघडला होता म्हणून सांगितलं, पण बिघडलेला सेन्सर सोडून दिला तरी जो खरा आकडा उरतो तो काही कमी नसतो. दुपारी घर बंद करून कुठे गेलो तर हॉलच तापतो, मग बंद पेटीत काय होत असेल. कंट्रोलरमध्ये लिथियम आयनची बॅटरी असते, ड्युअलसेन्समध्ये १,५६० एमएएचची, आणि सोनीच्या मॅन्युअलमध्ये चार्जिंग १० ते ३० अंशात करा असं लिहिलेलं असतं. लिथियम बॅटरीला दोन गोष्टी एकत्र अजिबात सोसत नाहीत, पूर्ण भरलेला चार्ज आणि उष्णता, या दोन्हीत राहिली की तिची ताकद लवकर कमी होते. म्हणून आमचे नियम असे, टीपॉयच्या आत चार्जिंग नाही, म्हणजे नाहीच. व्हिडिओत टेबलाच्या आत एक्स्टेंशन बोर्ड बसवून सगळं आतच चार्जिंगला लावून ठेवतात ते पाहून माझा जीव खालीवर होतो. आमचा डॉक टीव्हीजवळ उघड्यावर आहे, चार्ज रात्री करायचं, हॉल थंड झाल्यावर. उन्हाळ्यात गावाला जायचं असेल तर कंट्रोलर अर्धा चार्ज ठेवून जायचा, आणि जो कंट्रोलर वापरातच नाही त्यालाही वर्षातून एकदा तरी चार्ज द्यायचा, नाहीतर तो पडून पडून मरतो.

कन्सोल तर आत ठेवायचाच नाही. पीएस५ ला ५ ते ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवा असं कंपनी सांगते आणि चालताना तो स्वतः किती गरम हवा फेकतो हे मागे हात धरून पाहा. तो टीव्हीखाली मोकळाच बरा.

तर ते वरचे तीन इंच. वरच्या पट्टीमागची ती जागा आम्ही पूर्ण रिकामी ठेवली, ट्रेवर छत नाही. गरम हवा वर चढते आणि तिथे गोळा होते, मागच्या पट्टीला आतून अर्ध्या इंचाच्या भोकांची एक ओळ मारली, खालच्या फळीलाही भोकं, खालून हवा येते, वरून जाते. पंखा नाही, वायर नाही. मिस्त्री काकांना हे पटायला वेळ लागला नाही, ते म्हणाले, "कोठीले जशी खिडकी ठेवतो तशीच ठेवून राहिलो ना आपण." अगदी तसंच.

दुसरा शत्रू कूलर. एप्रिल लागला की खिडकीत कूलर, खसचा वास, आणि हॉलमधली हवा ओली. ओल्या हवेत लाकूड फुगतं, प्लायची कड फुगते, दार अडकतं. मग पावसाळा येतो, तो वेगळा. त्यामुळे दाराला चारी बाजूंनी दीड सुताची जागा सोडली, प्लाय साधा एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) न घेता बीडब्ल्यूपी (पाणी सोसणारा) घेतला, आयएस ७१० असा शिक्का पाहून, आणि प्लायची प्रत्येक कड, जी दिसत नाही तीसुद्धा, पट्टी मारून पॉलिशने बंद केली. सागवानाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही पण प्लायचं तसं नसतं, म्हणून तिथे पैसे वाचवायचे नाहीत. ट्रेच्या कोपऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यात, बूट आणि बॅगांसोबत येतात त्याच. टीपॉय कूलरच्या सरळ झोतातून दीड फूट बाजूला घेतला, हे सगळ्यात फुकटचं आणि सगळ्यात कामाचं.

धुळीबद्दलही सांगतो कारण बऱ्याच जणांच्या कंट्रोलरची काडी आपोआप सरकायला लागते आणि मग नवीन घ्यावा लागतो. नेहमीच्या कंट्रोलरमध्ये काडीखाली पोटेन्शिओमीटर असतो, आतली कार्बनची पट्टी घासून घासून झिजते, ते थांबवता येत नाही, पण धूळ गेली तर प्रकरण लवकर बिघडतं. आमच्या रस्त्यावर काही ना काही खोदकाम चालूच असतं, संध्याकाळी टीव्हीवर बोट फिरवलं तर रेघ उमटते. जाळीने सगळी धूळ थांबत नाही, पण उघड्यावर ठेवण्यापेक्षा फरक डोळ्याला दिसतो. महिन्यातून एकदा बाहेरून ब्रश फिरवला की जाळी साफ.

सागवानाला नवीन काही चिकटवायचं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, या लाकडात स्वतःचं तेल असतं, त्यामुळे फेविकॉल नीट धरत नाही. चिकटवायच्या जागी ताजा पॉलिश पेपर मारायचा, थिनरने पुसायचं आणि वाळलं की लगेच चिकटवायचं, उद्यावर ठेवलं तर तेल पुन्हा वर येतं. जुनं पॉलिश कोणतं आहे ते बघायला स्पिरिटची चिंधी खालच्या बाजूला फिरवली, चिकट झालं, म्हणजे लाखेचं. त्यावरच गरम कपाचे पांढरे गोल उठलेले होते, ते स्पिरिटची चिंधी हलक्या हाताने फिरवली तर बरेचसे गेले. नवीन पट्ट्या पिवळट दिसत होत्या आणि जुनं लाकूड तपकिरी, मिस्त्री काकांनी पॉलिशमध्ये रंग मिसळून मिसळून तो जुळवला, एका तुकड्यावर लावायचे, उन्हात नेऊन बघायचे, परत मिसळायचे. त्यांचं ते काम मी शेजारी बसून पाहत होतो आणि खरं सांगतो, अख्ख्या प्रोजेक्टमधला तो भाग मला सगळ्यात आवडला.

महालक्ष्म्यांचं म्हटलं होतं ना. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात त्या हॉलमध्येच, तीन दिवस, आणि आदल्या दिवशी हॉल पूर्ण रिकामा करावा लागतो. म्हणजे टीपॉय उचलता आला पाहिजे. म्हणूनच आतली पेटी १२ एमएम प्लायची, ट्रेचा तळ ६ एमएमचा आणि चाकं नाहीत, चाकं लावली की पाय उंच होतात आणि जुन्या टीपॉयची ठेवणच बिघडते. यंदा दोन्ही ट्रे ओढून बाहेर काढले, कपाटात सरकवले, डिस्कच्या डब्या पिशवीत, आणि मी आणि बाबांनी टीपॉय उचलून गॅलरीत ठेवला. आई पाहत होती. तिने मग विचारलं की खालच्या ट्रेमध्ये उरलेल्या जागेत तिच्या भिशीची वही आणि पेन राहतील का. आता ती वही तिथेच असते, केबलच्या शेजारी, आणि त्या खणाला बहिणीने बोट घालायचं नाही असं ठरलंय.

खर्च साडेचार हजारांच्या आत झाला, मिस्त्री काकांची मजुरी धरून, कारण मूळ टीपॉय घरचाच होता आणि पट्ट्यांसाठी सागवानाचे तुकडे लकडगंजमध्ये आरा मशीनवर उरलेल्यातून स्वस्तात मिळाले. तुकडे घेताना वाळलेले आहेत ना ते बघून घ्या, ओले घेतले तर उन्हाळ्यात वाकतात.

स्टेअरिंग व्हील मात्र मावलं नाही. त्याच्यासोबत पेडलचा जड संच येतो, तो आठ इंचात घालायचा विचारसुद्धा केला नाही. सध्या ते दिवाणाखाली आहे, धुळीत, आणि बहिणीला ते पटत नाही. दिवाणाच्या खालच्या कप्प्याचं माप घेऊन ठेवलंय, मिस्त्री काका येतो म्हणालेत.